पांढरं पान आणि दडलेली एरर: लोकल सर्व्हरवर पीएचपीच्या एरर चालू करताना या चुका टाळा

कोड लिहिला, पान रिफ्रेश केलं आणि समोर पांढरंफटक पान. मजकूर नाही, इशारा नाही. बहुतेक नवे डेव्हलपर इथे लगेच कोडमध्ये हात घालतात: ही ओळ कमेंट करून बघ, ती परत आण, पुन्हा रिफ्रेश कर. माझं ठाम मत असं, की एरर वाचायला मिळेपर्यंत कोडला अजिबात हात लावू नये. बिघाड कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे हे पीएचपीला माहीत असतं. ते सांगायला त्याला कुठल्यातरी सेटिंगने मनाई केलेली असते. आधी ती मनाई उठवायची, मग कोड.

भलतीच आयएनआय फाइल बदलणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. पीएचपी.आयएनआय ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल एकच असते असं आपण धरून चालतो, पण एका मशीनवर तिच्या तीन-चार प्रतीही असू शकतात. उबुंटूवर अपाचे या वेब सर्व्हरसाठी वेगळी, एफपीएमसाठी (पीएचपी चालवणारी स्वतंत्र सेवा) वेगळी आणि टर्मिनलसाठी वेगळी अशी मांडणी असते. मॅम्पमध्ये (अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं तयार पॅकेज) पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीची फाइल स्वतंत्र असते, त्यामुळे आवृत्ती बदलली की कालचा बदल मागेच राहतो. वॅम्प या विंडोजवरच्या तशाच पॅकेजमध्ये अपाचे एक फाइल वाचतो आणि टर्मिनल दुसरी. तिथे एक्सप्लोररमधून शोधत बसण्यापेक्षा वॅम्पच्या ट्रेमधल्या आयकॉनच्या मेन्यूतून फाइल उघडा.

टर्मिनलमध्ये विचारून मिळालेल्या पत्त्यावर इथे विसंबू नका. टर्मिनल त्याची स्वतःची फाइल दाखवतं, ब्राउझरमागचा सर्व्हर कुठली वाचतो ते त्याला ठाऊक नसतं. (पीएचपी ५.४ पासून आलेला अंगभूत सर्व्हर वापरत असाल तर मात्र टर्मिनलचीच फाइल लागू होते.) खात्रीचा मार्ग एकच: फक्त पीएचपीइन्फो() हे फंक्शन बोलावणारी छोटी फाइल सर्व्हरच्या फोल्डरात ठेवा आणि ब्राउझरमधून लोकलहोस्टच्या पत्त्यावर उघडा. ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ या ओळीसमोर जो पत्ता दिसेल, तीच फाइल बदलायची. फाइलवर डबल क्लिक करून ती उघडू नका, कारण तेव्हा पीएचपी चालतच नाही.

त्या ओळीसमोर ‘नन’ दिसलं, तर पीएचपीला फाइल सापडलेलीच नाही. विंडोजसाठीच्या मूळ झिपमध्ये पीएचपी.आयएनआय नसतेच. डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन असे दोन नमुने असतात, आणि त्यातल्या डेव्हलपमेंटच्या नमुन्याची प्रत करून तिला ते नाव द्यावं लागतं. नाव देताना शेवटी चुपचाप .टीएक्सटी तर चिकटलेलं नाही ना, हेही बघा.

बरोबर फाइल, पण ओळ चुकीची

फाइल उघडून आपण डिस्प्ले_एरर्स शोधतो आणि पहिलाच निकाल बदलतो. तो बहुधा सुरुवातीच्या ‘क्विक रेफरन्स’ भागातला असतो. तिथे फक्त माहिती लिहिलेली आहे, कुठलं मूल्य डेव्हलपमेंटसाठी आणि कुठलं प्रॉडक्शनसाठी, एवढीच. त्या सगळ्या ओळी सेमिकोलनने सुरू होतात आणि सेमिकोलनने सुरू होणारी ओळ पीएचपी वाचत नाही. खरी ओळ बरीच खाली असते. शोध पुढे चालवा आणि सेमिकोलन नसलेली ओळ गाठा. एकच सेटिंग दोनदा लिहिलेली असेल, तर शेवटची ओळ लागू होते. म्हणून वर ‘ऑन’ करूनही खालची ‘ऑफ’ जिंकते.

बदलायच्या सेटिंग तीन. डिस्प्ले_एरर्स ऑन, म्हणजे एरर पानावर छापल्या जातील. एरर_रिपोर्टिंगला ई_ऑल, म्हणजे सगळ्या प्रकारच्या एरर मोजल्या जातील. पीएचपी ८ मध्ये हेच मूळ मूल्य आहे, त्याआधी नोटिस आणि डेप्रिकेटेड वगळलेले असत. तिसरी डिस्प्ले_स्टार्टअप_एरर्स, तीही ऑन. एक्स्टेंशन, म्हणजे पीएचपीला जोडलेली जादा सोय, लोड होताना काही फसलं तर ते हिच्यामुळे कळतं. पहिल्या दोन्ही लागतात. एरर दाखवायला परवानगी आहे पण मोजायलाच बंदी आहे, अशा स्थितीत पान कोरंच राहतं.

फाइल सेव्ह केली तरी चालू सर्व्हरला त्याची खबर नसते, तो रीस्टार्ट करावाच लागतो. झॅम्प या तशाच तयार पॅकेजमध्ये कंट्रोल पॅनलमधून अपाचे स्टॉप-स्टार्ट केलं की झालं. एन्जिनएक्स (अपाचेसारखाच दुसरा वेब सर्व्हर) आणि एफपीएम अशी जोडी असेल तर एन्जिनएक्स कितीही वेळा रीस्टार्ट करा, उपयोग शून्य. सेटिंग एफपीएम वाचतो, रीस्टार्ट त्यालाच करायचा.

यानंतर पीएचपीइन्फोचं पान पुन्हा उघडून डिस्प्ले_एरर्सची ओळ बघा. तिथे लोकल व्हॅल्यू आणि मास्टर व्हॅल्यू असे दोन रकाने असतात. मास्टरमध्ये ऑन आणि लोकलमध्ये ऑफ असेल, तर आयएनआय फाइल बरोबर आहे, पण त्या फोल्डरातली एखादी सेटिंग किंवा स्वतः कोड ती उलटवतोय. ही एक ओळ वाचायची सवय लागली तर अर्धी शोधाशोध वाचते.

कोडमध्ये वर दोन ओळी टाकून भागवणं

आयनी_सेट हे फंक्शन वापरून फाइलच्या सुरुवातीलाच डिस्प्ले_एरर्स चालू करायचं आणि एरर_रिपोर्टिंगला ई_ऑल द्यायचं, असा उपाय सर्रास सांगितला जातो. रनटाइमला, म्हणजे कोड चालताना, येणाऱ्या एररसाठी तो चालतोही. पण त्याच फाइलमध्ये कंस उघडा राहिला असेल किंवा ओळीच्या शेवटचा सेमिकोलन सुटला असेल, तर तो निरुपयोगी आहे. पीएचपी आधी सगळी फाइल वाचून तपासतो आणि मगच पहिली ओळ चालवतो. तपासणीतच फाइल अडली, तर तुमच्या त्या दोन ओळी चालवल्याच जात नाहीत. आणि नवख्यांच्या सगळ्यात जास्त चुका याच जातीच्या असतात, म्हणून हा उपाय नेमका हवा तेव्हा दगा देतो.

आयएनआय बदलणं शक्यच नसेल, तर वेगळी छोटी फाइल करा. तिच्यात त्या दोन ओळी लिहा, त्याखाली बिघडलेली फाइल इन्क्लूड करा, आणि ब्राउझरमध्ये ही छोटी फाइल उघडा. छोटी फाइल निर्दोष असल्यामुळे सेटिंग आधीच लागू झालेलं असतं आणि आतली पार्स एरर (वरच्यासारखी तपासणीत अडणारी चूक) ओळ क्रमांकासह समोर येते.

.एचटीअ‍ॅक्सेसमधले सापळे

.एचटीअ‍ॅक्सेस ही अपाचेची फोल्डरापुरत्या सेटिंगची फाइल. तिच्यातून पीएचपीची सेटिंग बदलणारी पीएचपी_फ्लॅगची ओळ अपाचेच्या पीएचपी मॉड्यूलबरोबरच चालते. एफपीएम असेल तर त्याच ओळीमुळे साइट ५०० एरर देऊ लागते. तिथे .युजर.आयएनआय ही फाइल वापरतात, पण तिची प्रत मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद कॅशमध्ये राहते, तेव्हा बदल लगेच दिसला नाही म्हणून पुन्हा उलटसुलट करू नका. आणखी एक: .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ई_ऑलसारखी नावं समजत नाहीत, तिथे ३२७६७ असा आकडा द्यावा लागतो.

वर्डप्रेस किंवा फ्रेमवर्क मध्ये आहे हे विसरणं

वर्डप्रेस एरर दाखवायचं की नाही हे स्वतः ठरवतं. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग ट्रू करा. ‘इथून पुढे बदल करू नका’ अशा अर्थाची जी इंग्रजी ओळ आहे, तिच्या वरच. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये .ईएनव्ही फाइलमधलं अ‍ॅप_डीबग ट्रू करायचं. कॉन्फिग कॅश केलेलं असेल तर ते आधी साफ करा, नाहीतर जुनीच किंमत चालत राहते.

एरर छापली गेली, पण डोळ्यांना दिसली नाही

सगळं ऑन आहे आणि तरी पान कोरं? ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडा. एरर एखाद्या इनपुटच्या व्हॅल्यूमध्ये, सिलेक्टच्या आत किंवा स्क्रिप्ट टॅगमध्ये छापली गेली, तर ब्राउझर ती दाखवत नाही. एजॅक्स कॉलमध्ये (पान न बदलता जावास्क्रिप्टने केलेली मागणी) तर ती जेसनच्या, म्हणजे उत्तरातल्या डेटाच्या, आधी चिकटते आणि कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित चिन्ह’ अशी जावास्क्रिप्टचीच तक्रार दिसते. लोक मग जावास्क्रिप्ट तपासत बसतात. नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टचा रिस्पॉन्स वाचा, पीएचपीचा संदेश तिथे असतो. स्टेटस २०० आहे म्हणून सगळं ठीक असं समजू नका: डिस्प्ले_एरर्स ऑन असताना फेटल एरर आली तरी स्टेटस २०० येऊ शकतं.

कोडमध्ये कुणी फंक्शनच्या आधी @ लावलं असेल, तर त्याची वॉर्निंग दाबली जाते. शोधून काढून टाका.

एरर चालू केल्यावर अचानक ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ दिसू लागलं, तर घाबरून पुन्हा ऑफ करू नका. आधीची एखादी वॉर्निंग पानावर छापली गेली आणि त्यामुळे नंतरचा हेडर किंवा रीडायरेक्ट पाठवता आला नाही, एवढंच झालंय. सगळ्यात वरची वॉर्निंग दुरुस्त करा, खालची आपोआप जाते. एकूणच एररची रांग लागली की वाचन वरून सुरू करावं.

लॉगकडे पाठ फिरवणं

लॉग_एरर्स ऑन ठेवा आणि एरर_लॉगमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता द्या. क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालणारी कामं आणि पान दुसरीकडे वळवणाऱ्या फाइली यांच्या एरर पडद्यावर गाठणं कठीण, त्या इथेच सापडतात. झॅम्पमध्ये अपाचेच्या लॉग्ज फोल्डरातली एरर लॉगची फाइलही उघडून बघा.

प्रोजेक्ट लाइव्ह सर्व्हरवर नेताना तिथे डिस्प्ले_एरर्स ऑफ आणि लॉग_एरर्स ऑन हवं. एररच्या मजकुरात फाइलींचे पत्ते असतात, कधी डेटाबेसच्या क्वेरीही असतात, आणि ते अनोळखी माणसाच्या हाती पडता कामा नये. पीएचपीइन्फोची ती छोटी फाइलही अपलोडमधून आठवणीने वगळा.