अ‍ॅनाटॉमीत एमएस्सी करताय? या चुका टाळा

आधी एक गैरसमज दूर करू. अ‍ॅनाटॉमीत एमएस्सी झाली म्हणून रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर ते शिक्षण आणि तो परवाना वेगळाच. ही पदवी पाया पक्का करते, शिकवण्याचं किंवा संशोधनाचं दार उघडते. प्रवेश घेण्याआधीच हे नीट समजून घ्या.

आता अभ्यासाचं. सगळ्यात महागात पडते ती नावं पाठ करण्याची सवय. स्पॉटिंगला, म्हणजे टॅग लावलेली रचना ओळखायच्या परीक्षेत, टॅग बघून विद्यार्थी धडाधड सांगतो, ‘रेडियल नर्व्ह’ (हातातला एक मज्जातंतू). मग विचारावं, दंडाचं हाड मध्यावर मोडलं तर या माणसाला काय जमणार नाही? तिथे गाडी अडते. ही नर्व्ह ह्यूमरसच्या, म्हणजे याच दंडाच्या हाडाच्या, मागच्या खोबणीतून हाडाला चिकटून जाते. तिथे ती दुखावली की मनगट लुळं पडतं, वर उचलता येत नाही. कोपर मात्र बहुधा सरळ करता येतं, कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या तिच्या बऱ्याच फांद्या त्याआधीच निघालेल्या असतात. एवढं उलगडलं की नाव वेगळं पाठ करावं लागत नाही. प्रत्येक रचनेला हेच विचारत जा: कुठून आली, कशाला टेकून गेली, शेजारी कोण, आणि कापली गेली तर काय बंद पडेल? ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, मानेतल्या सी५ मुळापासून छातीच्या टी१ मुळापर्यंत पुस्तक मिटून कागदावर काढा. अडाल तिथेच तुमचा अभ्यास कच्चा आहे.

डिसेक्शन (विच्छेदन) टेबलावर नवखे लोक स्काल्पेल फार चालवतात. त्वचा उघडल्यावर त्याचं काम कमीच. मिटलेली कात्री ऊतींमध्ये घाला आणि आत हळूच उघडा, तीही नर्व्हच्या लांबीच्या दिशेने. आडवा हात मारलात की बारीक फांद्या गेल्याच. चरबी ‘साफ’ करण्याच्या उत्साहात तिच्यातल्या रक्तवाहिन्याही बादलीत जातात, आणि मग ‘आमच्या बॉडीत ही धमनी नाहीच’ अशी तक्रार येते.

कधीकधी ती खरंच नसते, हेही खरं. अ‍ॅटलासशी जुळलं नाही की विद्यार्थी गोंधळतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा. मधोमध पामारिस लाँगस या पुढच्या हातातल्या स्नायूचा स्नायुबंध उठून दिसेल. काहींच्या हातात तो मुळातच नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही. पित्ताशयाच्या धमनीचं मात्र तसं नाही. तिची वाट माणसागणिक बदलते आणि ती न ओळखणं शस्त्रक्रियेत भोवतं. प्राचीन काळातला वैद्य गेलन याने प्राण्यांचं विच्छेदन करून माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडं सांगितली. हाड एकच आहे हे शरीररचनातज्ज्ञ वेसालियसने 1543 मध्ये छापून दाखवेपर्यंत शतकानुशतकं लोक समोरच्या जबड्यापेक्षा ग्रंथावर जास्त विश्वास ठेवत होते. तुम्हाला दिसलेला प्रत्येक वेगळेपणा चित्रासह वहीत टिपा. पुढच्या मुलाखतीत बोलायला ती वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त कामाला येते, असं माझं मत.

एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भाच्या वाढीचा अभ्यास, ऑप्शनला टाकू नका. स्वरयंत्राकडे जाणारी डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा का घेते? गर्भात हृदय आणि त्याच्या मोठ्या वाहिन्या मानेकडून छातीत सरकल्या, आणि ही नर्व्ह त्यांच्यात अडकून सोबत ओढली गेली. म्हणून डाव्या छातीतल्या गाठीचा पहिला इशारा कधीकधी बसलेला आवाज असतो.

सीटी स्कॅनचा आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून बघितल्यासारखा असतो, त्यामुळे यकृत चित्रात तुमच्या डावीकडे दिसतं. पहिल्याच दिवशी हे डोक्यात बसवा.

आणि फोन हॉलबाहेर लॉकरमध्ये. टेबलावर देहदान केलेला माणूस आहे. त्याचा एक फोटो बाहेर गेला तर प्रवेश रद्द होऊ शकतो.