तिघांचं घर, रिमोट एकच

आमच्याकडे जेवणं उरकली की रिमोटवरून रोज जुंपायची. आता आधी पत्त्यांचा पाच-तीन-दोनचा डाव. तिघांना बरोब्बर पुरतो: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग, शिवाय इस्पिक-बदामच्या सत्त्या, एकूण ३० पानं, प्रत्येकी १०. पिसणाऱ्याला दोनच हात करायचे असतात, म्हणून पहिल्यांदा पत्ते धाकट्याकडे द्या. पाचवाला, म्हणजे ज्याला पाच हात करायचे तो, पहिली पाच पानं बघून हुकूम सांगतो. ज्याचे हात कमी पडतील त्याने गोष्टीच्या पुस्तकाची चार पानं मोठ्याने वाचायची. ज्याचे जास्त होतील त्याला अर्धा तास रिमोट. मुद्दाम हरू नका, पोरांना लगेच कळतं. वाचन मात्र ऐन रंगात आलं की थांबवा. परवा टीव्ही लावायचाच राहिला, लेक ‘पुढे काय झालं’ म्हणत माझ्याच मागे!