जपानी कंपनीत मीटिंगला जाताना

जपानी कंपनीसोबतच्या मीटिंगबद्दल एक गोष्ट पक्की धरून चला: निर्णय बहुधा त्या खोलीत होत नाही. तो आधी झालेला असतो, नाहीतर तुम्ही निघाल्यावर व्हायचा असतो. म्हणून खरी मेहनत आदल्या आठवड्यातच करायची.

त्या मेहनतीला तिथे 'नेमावाशी' म्हणतात. तुमच्या प्रस्तावाचा खरेदी, क्वालिटी, उत्पादन अशा ज्या ज्या विभागांवर परिणाम होणार, त्यांचं मत तुमच्या रोजच्या संपर्कातल्या माणसामार्फत आधीच काढून घ्या. दर आणि तारखांसकट एक-दोन पानी मसुदा, जमल्यास जपानीत, निदान तीन-चार कामाचे दिवस आधी पाठवा. कुणाला काय खटकतंय ते विचारा आणि मसुदा सुधारूनच मीटिंगला जा. ऐन मीटिंगमध्ये नवा दर किंवा नवी अट काढलीत, तर तुमचा हा माणूस त्याच्या वरिष्ठांसमोर तोंडघशी पडतो. विषय तिथेच अडतो आणि आत तुमची बाजू मांडणारं कुणी उरत नाही.

इमारतीपाशी दहा मिनिटं आधी पोहोचा, ओव्हरकोट बाहेरच काढून हातावर घ्या आणि पाच मिनिटं आधी रिसेप्शनला नाव सांगा. फार लवकर गेलात तरी यजमानांची अडचण होते.

व्हिजिटिंग कार्ड म्हणजे 'मेइशी' उभ्यानेच द्यायचं. पाहुणा आधी देतो, आणि दोन्हीकडच्या सर्वांत वरिष्ठांपासून सुरुवात होते. कार्ड आधीच कार्डकेसवर काढून ठेवा. मजकूर समोरच्याला सरळ वाचता येईल असं धरा, कंपनीचं आणि स्वतःचं नाव सांगा आणि त्यांच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरून पुढे करा. दोघं एकाच वेळी देत असाल, तर उजव्या हाताने द्या, डाव्या हातातल्या कार्डकेसवर त्यांचं घ्या आणि लगेच दुसरा हातही लावा. कार्ड वाचा, नावाचा उच्चार कळला नाही तर विचारायची हीच वेळ. टेबलावर कार्डं समोरच्यांच्या बसण्याच्या क्रमाने मांडा, सर्वांत वरिष्ठांचं कार्डकेसवर. त्यांच्यादेखत त्यावर काही लिहू नका, पँटच्या मागच्या खिशात तर मुळीच घालू नका. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, ती पाहुण्यांची. पण बसा म्हटल्यावरच बसायचं.

मराठी माणूस हमखास चुकतो तो आपल्या साहेबांचा उल्लेख करताना. ग्राहकासमोर जपानीत बोलताना स्वतःच्या वरिष्ठांच्या नावापुढे 'सान' (आपल्या 'साहेब', 'जी'सारखा आदराचा प्रत्यय) लावत नाहीत. साहेब शेजारी बसले असले तरी नुसतं 'कुलकर्णी'. आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण आपली माणसं झाडून सगळी खालच्या पायरीवर ठेवणं हाच तिथला विनय. समोरच्यांना मात्र आडनावापुढे 'सान' किंवा हुद्दा: 'तानाका-बुचो', म्हणजे विभागप्रमुख तानाका.

'हाय, हाय' म्हणजे बहुतेक वेळा 'ऐकतोय', संमती नव्हे. 'मुझुकाशीई' म्हणजे अवघड असं म्हटलं, तर नकार आला असं समजा. 'केन्तो शिमासु', विचार करतो, हेही बरेचदा नकाराकडे झुकलेलं असतं. पुढची तारीख किंवा जास्तीची कागदपत्रं त्यांनी स्वतःहून मागितली, तर आशा धरायला हरकत नाही. अशा वेळी 'हो की नाही' असा पिच्छा पुरवू नका. 'दर, मुदत, क्वालिटी यांपैकी अडचण कशात जास्त आहे?' असं विचारा. त्याचं उत्तर मिळू शकतं. शांतता पसरली तर पसरू द्या. ती भरून काढायच्या नादात आपण सूट जाहीर करून बसतो, ती परत घेता येत नाही.

आपणही मान डोलावून 'होऊन जाईल' म्हणू नये. तिथे ते वचन म्हणून लिहून घेतात. खात्री नसेल तर 'तपासून गुरुवारी दुपारी तीनपर्यंत कळवतो' म्हणा, आणि कळवाच. उशीर होणार असं दिसताच, मुदत उलटायच्या आधी, कारण आणि नवी तारीख सांगा.

त्याच दिवशी आभाराच्या मेलसोबत टिपण पाठवा: काय ठरलं, काय राहिलं, कोण, कधीपर्यंत. त्यानंतर प्रस्ताव बऱ्याच कंपन्यांत 'रिंगी'ला लागतो, म्हणजे एकेका वरिष्ठाच्या मंजुरीसाठी फिरतो. यात आठवडे जाऊ शकतात. रोज 'काय झालं?' विचारण्यापेक्षा रिंगीच्या कागदात घालायला तुलनेचा तक्ता किंवा चाचणीचे आकडे हवेत का, ते विचारा.