भाचा कौंटी जेलमध्ये असताना

कॅलिफोर्नियात भाच्याला अटक झाली, तेव्हा शेरीफच्या (कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलीस प्रमुखाच्या) ऑनलाइन कैदी-शोधात त्याचे नाव सापडेना. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी नोंदले गेले असावे, या शंकेने तसे शोधल्यावर बुकिंग क्रमांक, म्हणजे अटकेच्या नोंदीचा क्रमांक, हाती लागला. त्यावर फोनचे प्रीपेड खाते उघडताच त्याचा फोन आला. तो घडलेला प्रकार सांगू लागताच मी त्याला थांबवले, कारण वकिलाखेरीज इतरांशी होणारी संभाषणे रेकॉर्ड होतात, आणि मराठी समजणारा दुभाषी सरकारी पक्षालाही मिळतो. जामिनाची पूर्ण रक्कम न्यायालयात भरली आणि तारखा चुकवल्या नाहीत, तर ती खटल्यानंतर परत मिळते. बॉन्डवाल्याला, म्हणजे शुल्क घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याला, दिलेले साधारण १० टक्के मात्र गेलेच. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, हे त्याला माझ्याकडूनच कळले.