एकल पालकांच्या सरकारी योजना: या चुका टाळा

अर्ज मंजूर असतो, यादीत नाव असतं आणि खात्यात मात्र दमडी नसते. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता महिलांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. दोन्हीकडचे पैसे त्याच त्या चुकांपायी अडकतात.

पासबुकवर आधार दिसतो, म्हणून निर्धास्त राहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार घेणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग (खात्याशी आधारची जोडणी) होणं वेगळं. डीबीटीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे तुमच्या आधारसमोर ज्या बँकेची नोंद असेल तिथे जातात. नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते, नवी झाली की जुनी जाते.

नेहमी दिसणारा प्रकार असा. बाई नवं सिमकार्ड घेते, दुकानदार अंगठा घेता घेता पेमेंट बँकेत खातंही उघडून टाकतो. अनुदान तिकडे वळतं. ती जुन्या बँकेत पासबुक भरून बघते, तर कोरं. तहसीलमध्ये सांगतात पैसे सोडले, बँक सांगते आले नाहीत. दोघंही खरं बोलत असतात. रोजगार बुडवून चार-पाच हेलपाटे होतात आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून असतात.

अर्ज करण्याआधीच मायआधार या आधारच्या संकेतस्थळावर जाऊन ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर हवा. भलतीच बँक दिसली तर आपल्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा, शिक्का मारलेली प्रत घ्या आणि आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा. ‘होऊन जाईल, ताई’ या शब्दावर घरी परतू नका.

नावांचा घोळ प्रतिज्ञापत्रावर भागवणं

आधारवर सासरचं नाव, पासबुकात माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर घरात हाक मारायचं. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र एजंट करून देतो. एका टेबलावर ते चालतं, पुढच्या टेबलावर अडतं. या घाईचा आम्हाला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड त्या बाईला पडतो. सुरुवात पतीच्या मृत्यू दाखल्यापासून करा, मग आधार, मग बँक, शेवटी रेशनकार्ड. स्मशानातली पावती म्हणजे मृत्यू दाखला नव्हे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

बाकीच्या चुका

शाळेच्या फीसाठी काढलेला ५०,००० चा उत्पन्नाचा दाखला निराधारच्या अर्जाला जोडू नका. तिथली मर्यादा वर्षाला २१,००० आहे.

निराधारचे १५०० चालू असताना लाडकी बहीणचा अर्ज भरू नका, तो नियमात बसत नाही.

बालसंगोपन मात्र मुलासाठी आहे. आईला निराधारचे पैसे मिळतात म्हणून मुलाचा अर्ज सोडून देऊ नका. बाप एकटा सांभाळत असेल तरी तोही अर्ज करू शकतो.

नवऱ्याने टाकलं आहे, पण घटस्फोट नाही, म्हणून घरी बसू नका. निराधार योजनेत परित्यक्ता हा वेगळा गट आहे.

बालसंगोपनाच्या अर्जाला मुलासोबतचा घरासमोरचा फोटो लागतो. स्टुडिओतला पडदा मागे नको, घराचं दार दिसू द्या. गृहचौकशीला येणारे तेच घर बघणार असतात.

मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करा.

अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निराधारच्या हयातीच्या दाखल्याची आठवण दरवर्षी कुणी करून देत नाही. तो चुकला की अनुदान थांबतं, म्हणून त्याची तारीख पोचेच्या मागेच लिहून ठेवा.