घरातला जुना गंजिफा संच: मोजणी, ओळख आणि जपणूक

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, लाख दिलेले गोल पत्ते. हाताळण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर नको. लाख स्पिरिटात विरघळते, ओलं बोट टेकलं तरी ठसा उमटतो.

सुती चादरीवर पत्ते लावा. एका रंगात, म्हणजे एकाच चिन्हाच्या गटात, 12 पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण 120 भरले तर संच दशावतारी, 96 भरले तर आठ रंगांचा मोगली, 108 म्हणजे नवग्रहांचा. बेरजेला बाराने भाग जात नसेल तर पत्ते हरवलेत किंवा दोन संच मिसळलेत. मग चित्रामागच्या पार्श्वभूमीचा रंग, व्यास आणि पाठ ताडून पाहा.

दशावतारी संचात मासा, कासव, परशु लगेच कळतात. शंख, चक्र, कमळ मात्र घराण्यागणिक जागा बदलतात, म्हणून चिन्हावरून अवतार ठरवू नका. त्या रंगाचा राजा शोधा, त्यावर अवतारच चितारलेला असतो. खेळायचं असेल तर दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा.

आता एक पत्ता कडेने भिंगाखाली धरा. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन घोटतात, मग रंग आणि वर लाख. फाटलेल्या कडेला धागे दिसले तर कापड. लगदा दिसला तर कागद. कागदाचा म्हणून कमअस्सल समजू नका. सावंतवाडीत ही कला मावळत चालली असताना तिथले संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. तिथल्या नव्या कागदी संचांनाही तितकाच मान हवा.

खळ हेच कसरीचं खाद्य. कोकणातल्या पावसाळ्यात पत्ते एकमेकांना चिकटतात ते लाख उष्णतेने आणि दमटपणाने मऊ पडते म्हणून. चिकटलेले पत्ते सुरीने सोडवायला गेलात तर चित्राची साल निघून येईल; ते जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या संवर्धकाकडेच न्या. रबरबँड, लॅमिनेशन, वरून नवं वॉर्निश, तिन्ही टाळा. ओल्या फडक्याने पुसलं की लाख पांढुरकी होते; धूळ मऊ कुंचल्याने झाडा.

प्रत्येक दोन पत्त्यांमध्ये आम्लरहित कागदाची चकती ठेवा. सरकत्या झाकणाची मूळ पेटी असेल तर ती जपा, पण घट्ट बसत असेल तर पत्ते त्यात कोंबू नका. प्लास्टिकच्या पिशवीत पत्त्यांना घाम फुटतो. पेटी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात पंधरवड्याला उघडून पाहा.

हरवलेला पत्ता नव्याने रंगवून घेतलात तर मागे पेन्सिलीने वर्ष लिहा, म्हणजे पुढे कोणी तो जुना समजणार नाही.