काळ्या वावरात हॅमचा अँटेना उभा करायचा तर

आमच्या नागपूरकडच्या भागात कोणी पोरगा हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसवरून बोलायच्या छंदाची, परीक्षा पास झाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ अँटेना कोणता लावू? मी उलटा विचारतो, तुझी जमीन कोणती आहे, भारी का मुरमाड? पोरगं चक्रावते. पण खरं सांगतो, अँटेना म्हणजे शेवटी वीस मीटर तांब्याची तार, ती कोणीही कापू शकते. पडतो तो खांब, अन् आपल्या इकडं खांब पडतो तो मातीमुळं.

माझा पहिला खांब मी मे महिन्यात उभा केला होता. वावर भेगाळलेलं, एकेक भेग अशी की खुरपं पडलं तर कोपरापर्यंत हात घालून काढावं लागे. मी अडीच-अडीच फुटाचे लोखंडी खुट्टे घनानं ठोकले, ताण, म्हणजे खांबाला चौफेर धरून ठेवणाऱ्या तारा, ओढले, तार बोटानं वाजवली तर टण्ण वाजे, लय खुश होतो. जूनमध्ये पहिला धो धो पाऊस आला, माती फुगली, खुट्टे लोण्यातून निघाल्यासारखे वर आले, अन् दुसऱ्या रात्री वारा सुटला. सकाळी पाहतो तं खांब गोठ्याच्या टिनावर आडवा. आमचा बुढा एवढंच म्हणला, म्हशीवर नाही पडला हे नशीब समज.

काळी माती पाणी प्याली की फुगते अन् वाळली की आकसते, दरवर्षी न चुकता. तिच्यात जी चिकणमाती असते ती बेंटोनाइटच्याच जातीची, तेच बेंटोनाइट जे अर्थिंगच्या खड्ड्यात ओल धरून ठेवावी म्हणून टाकतात. म्हणजे तिचा गुणच तिचा दोष. वरच्या तीन-चार फुटात ठोकलेला कोणताही खुट्टा या मातीसोबत वर-खाली होणारच, त्याला पर्याय नाही.

लायसन्सचं आधी उरकून घ्या. सरकारच्या सरळ संचार पोर्टलवर अर्ज, परीक्षा डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, खालची रिस्ट्रिक्टेड ग्रेड मिळाली की कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, व्हीयू३ नं सुरू होणारं अन् वरच्या जनरल ग्रेडवाल्याला व्हीयू२. नुसतं ऐकायला अँटेना बांधायचा असेल तरी रेडिओ ट्रान्समिट करणारा असतो, म्हणून कागद हातात आल्याशिवाय सेट घेऊ नका. विमानतळाच्या जवळपास गाव असेल तर उंचीची परवानगी वेगळी लागते, ती आधी विचारून घ्या.

आता अँटेना. पहिला अँटेना ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, इन्व्हर्टेड व्ही लावा, म्हणजे मधात एक खांब अन् दोन्हीकडं उतरत्या तारा, घराच्या पाख्यासारख्या. याला एकच खांब पुरते, टोकं धुऱ्यावरच्या कडुलिंबाला नाहीतर बाभळीला बांधता येतात. ७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साधारण २१ मीटर, तेवढ्या उंचीवर अँटेना नेला तरच तो लांब परदेशात नीट बोलतो, अन् तेवढा उंच खांब आपल्याला परवडत नाही. पण १०-११ मीटरवर लावला की सिग्नल सरळ वर जाऊन खाली परततो, दिवसा भोपाळ, रायपूर, हैदराबाद, पुणे आरामात लागते, अन् आपण देशाच्या मधातच बसलो आहोत तर चौफेर माणसं भेटतात. एवढ्या कमी उंचीवर दिशेचाही फारसा फरक पडत नाही, म्हणून पूर्व-पश्चिम का दक्षिण-उत्तर यात डोकं घालवू नका, जिकडं झाडं आहेत तिकडं तार. फक्त दोन तारांमधला कोन ९० अंशाच्या खाली नका जाऊ देऊ, अन् टोकं जमिनीपासून आठ-दहा फूट तरी वर ठेवा, ट्रान्समिट करताना टोकालाच जास्त व्होल्टेज असते, लेकराचा किंवा बैलाचा हात-तोंड लागायला नको.

तारेची लांबी काढायची सोपी रीत, १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ७.१ ला २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला १०.०७. पण कापताना १०.४० च कापा. तोडलेली तार जोडत बसावं लागते, लांब तार तोडता येते. आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार घेतली तर ती अजून थोडी आखूडच लागते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात सबमर्सिबलची जुनी वायर किलोवर मिळते, ती चालते, पण मऊ तांबं ताणलं की लांबते, म्हणून आधी एक टोक झाडाला बांधून दोन माणसांनी जोर लावून ओढून घ्या अन् मगच मोजा.

मोजायला नॅनोव्हीएनए घ्या, अँटेना किती मेगाहर्ट्झला जुळला ते दाखवणारं छोटं यंत्र आहे, गावात दोघातिघांत मिळून एक पुरते. तार वर चढवूनच मोजायची, अंगणात खाली पसरून मोजलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही. माझा आकडा सांगतो, १०.४० च्या तारा वर नेल्या तं यंत्राच्या आलेखातला खड्डा, म्हणजे अँटेना जुळल्याची जागा, ६.८२ मेगाहर्ट्झवर दिसला. मला पाहिजे ७.१०. हिशोब असा, १०.४० गुणिले ६.८२ भागिले ७.१०, उत्तर ९.९९, म्हणजे दोन्हीकडून ४१-४१ सेंटीमीटर कमी. तरी कापू नका, आधी टोकाची तार मागं वळवून तारेलाच घट्ट गुंडाळा, पुन्हा वर न्या, पाहा, बरोबर आलं की मग कापा का तसंच ठेवा. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रेडिओशी किती जुळला त्याचा आकडा, १.५ च्या आत आला की बस करा. १.१ साठी दहा वेळा खांब पाडणारे लोक मी पाहिले, त्यांचा हंगाम त्यातच गेला.

मधल्या जोडाला एक चोक पाहिजे, नाहीतर रेडिओपासून वर येणारी केबलच अँटेना होऊन बसते अन् माइकला ओठ लागला की चटका बसतो. केबलचेच १०-१२ वेढे, एका वेढ्याची रुंदी वीतभर, टायनं बांधून जोडाच्या खाली लटकवा. केबल ३० मीटरच्या आत असेल तर या बँडला बारीक आरजी ५८ ही चालून जाते, पुढं १४४ मेगाहर्ट्झवर जायचं असेल तर जाड आरजी २१३ घ्या, तिथं बारीक केबल अर्ध्याहून जास्त पॉवर खाऊन टाकते. टोकाच्या इन्सुलेटरला बाजारात पैसे घालू नका, ठिबकची १६ एमएमची काळी लॅटरल घ्या, वीतभर तुकडा, दोन भोकं, झालं. ती नळी उन्हासाठीच बनलेली असते. पांढरे नायलॉनचे टाय मात्र आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत कुरकुरीत होऊन तुटतात, काळेच घ्या. वरचा जोड सेल्फ अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटणाऱ्या, टेपनं बंद करा अन् केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथूनच टपकून जाते.

आता खांब. वीस फुटाचे दोन जीआय पाइप, दोघंही बी क्लास, खालचा दोन इंची अन् वरचा दीड इंची. दीडचा पाइप दोनच्या आत जातो, थोडा खुळखुळतो, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून तीन फूट आत घाला अन् दोन बोल्ट आरपार. उंची ३७ फूट, वजन ५०-५२ किलो. बुडाला दोन बाय दोन फुटाचा, तीन फूट खोल खड्डा, गिट्टी-रेती-सिमेंट, त्यात दोन अँगल उभे, मधात पाइप अन् आरपार १६ एमएमचा बोल्ट, हाच बिजागरीचं काम करतो.

ताण चार घ्या, तीन नाही. पुस्तकात तीन असतात, ते बरोबरच आहे, पण आडवा-उभा करायच्या खांबाला चार सोयीचे. कारण डावा-उजवा ताण बिजागरीच्या बोल्टाच्या रेषेत अन् त्याच पातळीत बसवला तर खांब उचलताना त्यांची लांबी बदलत नाही, आधीच बांधून ठेवता येतात अन् खांब बाजूला झुकत नाही. रेषेपासून हात-दोन हात सरकले की अर्ध्यात एक ताण ढिला पडतो अन् दुसरा तुटायला येतो. बुडापासून खुट्टा २६ फुटावर, ताण दोन उंचीवर, १८ फूट अन् ३४ फूट.

खुट्टा म्हणजे खुट्टा नाहीच. साडेचार फूट खोल नाली खणा, मुरूम लागला तर देव पावला. कुंपणाचा मोडका सिमेंट खांब असतोच कुठंतरी धुऱ्यावर पडलेला, त्याचा तीन फुटाचा तुकडा नालीत ताणाला आडवा टाका, त्याला १२ एमएमची सळाक गुंडाळून तिचं टोक तिरपं, खांबाकडं तोंड करून वर काढा. अन् खड्डा मुरमानंच भरा, खणून काढलेली काळी माती पुन्हा टाकू नका, थर-थर करून धुम्मसानं ठोका. माझा खांब यावर टिकला, ताण दरवर्षी जरा कमी-जास्त होतात पण कोणी वर नाही आलं.

ताणाला ४ एमएमचा वायर रोप. प्रत्येक टोकाला तीन बुलडॉग क्लॅम्प, अन् खोगिराची बाजू भार घेणाऱ्या तारेवर, यू बोल्ट मोकळ्या शेंड्यावर, उलटं लावलं की भाराच्या तारेलाच चेपते. वरच्या ताणात विजेच्या खांबाच्या ताणाला असते तसं चिनीमातीचं अंडं टाकून तुकडे करा, कोणताही तुकडा १० किंवा २० मीटरच्या जवळपास नको, नाहीतर तोही अँटेनासारखा वागते. टर्नबकलमधून शेवटी तार ओवून बांधा, वाऱ्यानं थरथरून तो आपोआप उलगडते.

उभा करायला पाच-सहा माणसं लागतात. कापूस वेचणीत माणूस भेटत नाही, म्हणून संक्रांत झाल्यावर, अवकाळी सुरू व्हायच्या आधी, वारा नसलेल्या सकाळी. बुडाजवळ बारा-पंधरा फुटाचा दुसरा पाइप खांबाला काटकोनात उभा करा, समोरचे दोन्ही ताण त्याच्या शेंड्याला बांधा अन् शेंड्यापासून जाड दोर समोरच्या खुट्ट्याकडून ओढा. दोन्ही ताण बांधायचे, फक्त वरचा बांधला तर खांब मधात धनुष्यासारखा वाकते. सगळ्यात जास्त ओढ सुरुवातीला, म्हणून आधी खांबाचा शेंडा घोड्यावर, म्हणजे लाकडी स्टँडवर, ठेवून छातीइतका उचलून घ्या. अन् सगळ्यात घातकी क्षण शेवटचा, खांब उभा होत आला की तो स्वतःच पुढं जातो, तेव्हा मागचा ताण आधीच मोजून बांधलेला पाहिजे. बोलणारा एकच. आमच्याकडं चुलतभाऊ एकीकडून सोड म्हणे अन् मामा दुसरीकडून ओढ, दोर मधल्या मधात, हे नको.

विजेच्या तारेबद्दल एकदाच सांगतो. वावरातून ११ केव्ही ची लाइन जाते, मोटरची एलटी लाइन जाते. खांब कोणत्याही बाजूला पडला तरी त्या तारेला खांब, ताण, अँटेनाची तार, काहीच पोचता कामा नये. उंचीच्या दीडपट तरी दूर, दुप्पट असेल तर उत्तम. गलोलीनं झाडावर तंगूस फेकतानाही पलीकडं लाइन आहे का पाहून घ्या. जागा नसेल तर खांब बारका करा, पण हा हिशोब सोडू नका.

झाडाला टोक बांधताना दोर पक्का बांधू नका, पुलीवरून घेऊन पाच लिटरच्या कॅनमध्ये रेती भरून लटकवा, झाड हललं की कॅन वर-खाली होते, तार तुटत नाही. वानरांची टोळी आली तरी हाच उपाय कामी येतो, माझ्या तारेवर एक मोठा हुप्प्या झोके घेऊन गेला, तार लोंबली, तो उतरला, कॅननं परत ओढून घेतली.

अर्थिंगला आठ फुटी रॉड खांबाजवळ, पण उन्हाळ्यात भेग नेमकी रॉडच्या भोवती पडते अन् माती त्याला सोडून देते, म्हणून भोवती बेंटोनाइट टाका, एप्रिल-मेमध्ये बादलीभर पाणी घालत जा. हा रॉड अन् घराचं अर्थिंग जाड तारेनं एकत्र जोडलेलंच पाहिजे, दोन वेगळे ठेवले तर वीज पडली की तो फरक रेडिओतून वाट काढते. तरी आकाश भरून आलं की केबल काढून घराबाहेर टाकायची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप मोबाइलमध्ये ठेवा, पण ढग गडगडायला लागल्यावर केबल काढायला पळू नका, आधीच काढा. कोरड्या धुळीच्या अंधडातही तारेवर चार्ज साठते, मी एकदा कनेक्टर काढला तं कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, ढगाचा पत्ता नव्हता.

ज्याला टॉवरवर यागी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा दांड्यांचा अँटेना, चढवायचा आहे त्याच्यासाठी एकच आकडा. आयएस ८७५ या बांधकामाच्या भारतीय मानकात नागपूरचा वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. अर्धा चौरस मीटरचा यागी म्हणजे शेंड्यावर ६० किलोचा आडवा धक्का, अन् तो वरच्या पाइपवर. आपल्या या पाइपच्या खांबाला तो नाही झेपत, त्याला जाळीचा टॉवर अन् इंजिनिअरची सही.

सगळं झाल्यावर रेडिओ लावला अन् सेकंदाला एक टक, टक, टक ऐकू आलं तर अँटेना खराब नाही. शेजारच्याचं झटका मशीन आहे, रानडुकरं अन् रोह्यांसाठी कुंपणाला लावलेलं. तारेला गवत लागलं असेल किंवा एखादा इन्सुलेटर फुटला असेल तर ठिणगी उडून आवाज जास्त येते. मी कोयता घेऊन त्याच्या धुऱ्यावरचं गवत कापून दिलं, मशीन त्यानं आधी बंद केली, अर्धा आवाज गेला अन् वर चहा मिळाला. सोलर पंपाच्या कंट्रोलरचा घूं घूं आवाज मात्र ऊन उतरेपर्यंत राहतेच, म्हणून मी आता संध्याकाळी सहानंतरच बसतो. ताण वर्षातून दोनदा पाहतो, होळीला एकदा अन् पोळ्याला एकदा, बैल धुवून झाले की पाना घेऊन.